गौराक्काचा आरसा

या, जरा पुढे सरकून बसा. कीर्तनात भिंतीला टेकून बसणाऱ्याला झोप लागते, आणि आज मला कोणाला झोपू द्यायचं नाही. एका आरशाची गोष्ट सांगणार आहे. राजवाड्यातल्या नाही, जिममधल्या. हसताय? हसा. आमचे मुतालिकबुवा म्हणायचे, आख्यानाला देव कुठूनही पात्र पाठवतो, आपण फक्त जागा करून द्यायची. तेव्हा जागा करा. पूर्वरंग लांबवत नाही, तुम्हाला एकदम गडहिंग्लजात, संकेश्वर रस्त्यावर, एका टेम्पोच्या मागे नेऊन उभं करते.

टेम्पो मागे घेत होते आणि गौराक्का त्याच्या पाठीमागे उभी राहून दोन्ही हात हलवत ओरडत होती,

"सावकाश घे रं! लेकरू हाय माझं त्यात!"

ड्रायव्हरने कचकन ब्रेक दाबला आणि खाली उडी मारली. "लेकरू? कुठं हाय लेकरू?"

"आरशात," गौराक्का म्हणाली.

ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "तुम्ही दोऱ्या सोडा भाऊ. बरोबर बोलतेय ती."

दोऱ्या सुटल्या, गोधड्या निघाल्या, आणि पुरुषभर उंचीचा तो आरसा उन्हात असा काही चमकला की समोरच्या गिरणीतली माणसं दळण सोडून बाहेर आली. चारी कडांना काचेतच वेल कोरलेली. वरच्या दोन कोपऱ्यांत दोन समया. आणि खाली, वीतभर पट्टीत, बोट फिरवलं तर रुतेल एवढ्या खोल अक्षरांत लिहिलेलं: 'कै. बाळेश मल्लाप्पा हत्तरकी यांच्या स्मरणार्थ, मातोश्री गौराबाई यांजकडून.' निपाणीच्या कारागिराने खपून खपून कोरलं होतं. गौराक्का लग्नकार्यांत भाकऱ्या करून द्यायची. त्या सालच्या लग्नसराईतली झाडून सगळी कमाई त्या आरशात होती.

आता हे नाव घालायचं वेड आमच्या गावाचंच. आमच्याकडे काहीही दान द्या, त्यावर नाव हवं. देवळातल्या घंटेवर नाव, पायरीवर नाव, शाळेतल्या घड्याळावर नाव, पंख्याच्या पात्यांवरसुद्धा नाव. बुवा एकदा कीर्तनात वर बघून म्हणाले होते, "तुमच्या देवळात कैलासवासी गरगर फिरतात हो!" सगळा मंडप हसला. ज्यांच्या वडिलांची नावं वर फिरत होती तेही हसले. पण नाव घालायचं कोणी सोडलं नाही. मेलेल्या माणसाचं नाव चारचौघांच्या डोळ्यांसमोर राहावं, एवढीच इच्छा असते हो. त्यात वाईट काय?

बाळेश गौराक्काचा एकुलता एक. वजन उचलायचा. तालमीच्या मागे पत्र्याची शेड होती, तिथे. आरसा नव्हता, म्हणून पाठीमागे दिवा लावून ठेवायचा आणि समोरच्या तालमीच्या चुन्याच्या भिंतीवर पडलेली आपली सावली बघून गुडघे किती वाकले, पाठ सरळ आहे का, ते तपासायचा. तिथेच त्याने गावातल्या मुलींना शिकवायला सुरुवात केली, आणि पहिली मुलगी होती माझ्या भावाची सुवर्णा. लोक म्हणाले, पोरगी बाप्यागत होईल. बाळेश म्हणाला, "होऊ दे की. निदान गॅसचा सिलिंडर उचलायला शेजाऱ्याला हाक मारायला नको." सुवर्णाला घरी कोणी विशेष खाऊ घालणारं नव्हतं. तिची आई आजारी असायची. भिजवलेले शेंगदाणे, गूळ आणि तांब्याभर दूध गौराक्काच्या घरून यायचं, बाळेशबरोबर सुवर्णालाही. सुवर्णा तिला अव्वा म्हणायची. आमच्या सीमेकडे आईला म्हणतात तसं.

मग एका पावसाळ्यात बाळेशला कावीळ झाली आणि तो गेला. सुवर्णा पुढे शिकायला, खेळायला बाहेर गेली, पदकं घेऊन परत आली, आणि गावात भाड्याच्या हॉलमध्ये स्वतःची जिम काढायला निघाली. पैसे घेऊन चालवायची जिम, धर्मादाय नव्हे. पण उद्घाटन दत्तजयंतीला मुतालिकबुवांच्या कीर्तनाने करायचं, हा हट्ट माझा.

"आत्ती, जिमचं उद्घाटन कीर्तनाने? लोक हसतील."

"हसू देत. तेवढाच त्यांचा व्यायाम."

तर असा तो आरसा दारात उभा. टेप गळ्यात टाकून सुवर्णा बाहेर आली. आधी हसली. मग जवळ गेली, गुडघ्यावर बसली, त्या अक्षरांमधून बोट फिरवलं. उठून मागे गेली, पाठीवर हात फिरवला, बोटाने टिचकी मारून ऐकलं. परत पुढे आली तेव्हा तिचं तोंड उतरलेलं होतं.

"अव्वा," ती म्हणाली, "लई सुंदर झालाय. माझ्या ऑफिसात लावते. टेबलाच्या मागं. रोज फूल घालीन."

"फोटो हाय व्हय त्यो, फूल घालायला? जितं पोरं-पोरी वजन उचलत्यात तितं लाव. त्याला बगायचंय."

"तिथं नाही लावता येणार."

"का?"

सुवर्णाने तोंड उघडलं आणि मिटलं. मी बघत होते. काहीतरी तिच्या ओठांवर आलं होतं आणि तिने ते गिळलं.

"कैलासवासी लिवलंय म्हनून?" गौराक्का म्हणाली. "तुज्या नव्या धंद्याला मेलेल्याचं नाव नगं वाटतंय?"

"अव्वा! काय बोलताय तुम्ही?"

"मग लाव."

"नाही लावता येणार, अव्वा."

गौराक्काने पदर खोचला आणि ती एकदाही मागे न बघता चालू लागली. आरसा तिथेच उभा. शेवटी मी, सुवर्णा, ड्रायव्हर आणि गिरणीवाल्याने मिळून तो मागच्या आवारात नेऊन ठेवला, गोधड्या पांघरून.

आमचं गाव लहान. संध्याकाळपर्यंत गोष्ट नदीपर्यंत जाऊन परत आली. त्यात भर अशी की त्याच आठवड्यात कोल्हापूरच्या मुस्ताकभाई काचवाल्याकडून सुवर्णाकडे नमुन्याचा एक आरसा आला होता, साधा, ना वेल ना समई. झालं. "आईचा नाकारला आणि बाजारातला आणला," असं गिरणीत, पाणपोईवर, देवळाच्या पायरीवर. माझा भाऊ, म्हणजे सुवर्णाचा बाप, तोही म्हणाला, "अगं, आरसा तो आरसा. लाव आणि मोकळी हो. म्हातारीचं मन किती दिवस मोडून ठेवणार?" सुवर्णा ताटावरून उठून गेली. मला दोन्ही बाजूंनी वाईट वाटत होतं. पोर माझी, आणि गौराक्का माझी मैत्रीण. आम्ही दोघींनी मिळून किती कीर्तनं ऐकली असतील ते देवालाच ठाऊक.

दत्ताचा सप्ताह सुरू झाला. गौराक्काची जागा ठरलेली, डावीकडच्या खांबाशी. तिला गाता येत नसे, पण मांडीवर हाताने असा पक्का ठेका धरायची की तबलजी चुकला तर तिच्याकडे बघायचा. त्या संध्याकाळी ती जागा रिकामी. बुवा उभे राहिले, झांजा घेतल्या, नमन झालं, पूर्वरंग सुरू झाला, आणि मध्येच थांबून त्यांनी डावीकडे बघितलं.

"आमचा इकडचा ठेका कुठे गेला आज?"

बुवांनी पुढे सुरू केलं, पण त्या दिवशी रंग भरला नाही. नाही म्हणजे नाहीच.

कीर्तन संपल्यावर पुजाऱ्याच्या ओसरीवर बुवा गरम दूध घेत बसले होते. देवस्थानचे तात्या जवळ सरकले. तात्या म्हणजे भला माणूस, पण सगळ्या गावाचं ओझं आपणच वाहतो असा चेहरा.

"बुवा, उद्या उत्तररंगात जरा आईच्या मायेवर घ्या. आणि सुवर्णा बसलेली असेल तिकडे बघून घ्या. लोकांसमोर पडलं की पोरगी ऐकेल."

"घेतो की," बुवा म्हणाले. त्यांचा आवाज कीर्तनानंतर फाटका व्हायचा. "घ्यायला काय जातंय? पण तात्या, पोरगी का नको म्हणते?"

तात्यांनी माझ्याकडे बघितलं.

"मालनबाई, तुम्ही आत्या ना? का नको म्हणते?"

मी म्हटलं, "ती बोलत नाही, बुवा."

"कोणी विचारलं?"

एवढ्या गावात एवढी बडबड झाली, आणि त्या पोरीसमोर बसून, तिला बोलायला सवड देऊन, कोणी विचारलंच नव्हतं. बुवांनी दुधाचा पेला खाली ठेवला.

"मग मी आख्यान लावू कोणत्या बाजूने? न विचारता शिव्याच द्यायच्या असतील, तर त्याला पेटी-तबला कशाला पाहिजे, तात्या? चावडी आहेच की."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गौराक्काकडे गेले. परातीत पीठ, आणि ती भाकरी अशी बडवत होती की भाकरीने काही गुन्हा केलाय.

"किती मारशील तिला," मी म्हटलं.

"बस. चहा ठेवू?"

"नको. बुवा विचारत होते तुझं."

हात जरा थांबला. "काय म्हनले?"

"म्हणाले, पोरगी का नको म्हणते ते कोणी विचारलंय का?"

"मी इचारलं की! 'का' म्हनून इचारलं."

"आणि तिने तोंड उघडायच्या आत उत्तरही तूच दिलंस."

तव्यावरची भाकरी फुगली, गौराक्काने ती उतरवली, शेगडी बंद केली, पिठाचे हात धुतले.

"चल," ती म्हणाली.

हॉलचं दार उघडं होतं. आत सुवर्णा एकटीच सराव करत होती. आम्ही उंबऱ्यावर थांबलो. सांगते ते ऐका. गौराक्काने इतक्या वर्षांत कधी कोणाला वजन उचलताना पाहिलं नव्हतं. बाळेशच्या शेडच्या दारातून डबा द्यायची आणि माघारी वळायची. आतला आवाज तिला सोसत नसे.

सुवर्णाने दोन्ही टोकांना वजनं अडकवलेली दांडी पकडली, श्वास घेतला, आणि एका झटक्यात ती वजनं डोक्यावर नेली. क्षणभर स्थिर. मग कुठेतरी तोल गेला असावा. तिने हात सोडले आणि स्वतः चटकन बाजूला झाली. धाडकन आवाज झाला. जमीन हादरली. दांडी उसळली, आपटली, घरंगळत गेली आणि समोरच्या भिंतीला जाऊन दणका दिला.

गौराक्काने डोळे गच्च मिटले होते. "लागलं का गं पोरी?"

"अव्वा!" सुवर्णा दचकली. मग हसली, किती दिवसांनी. "नाही लागलं. सुटलं की सोडून द्यायचं."

"असं टाकून द्यायचं?"

"बाळेशदादानं पहिल्या दिवशी हेच शिकवलं. उचलायच्या आधी टाकायला शिकवलं मला. म्हणायचा, 'वजन वाचवायला जाऊ नगंस, वजन परत उचलता येतं. तू बाजूला सर.'"

"त्यो असं म्हनायचा?"

"रोज."

गौराक्का हळूच आत आली आणि बाकावर टेकली. "मला वाटायचं, आवाज आला म्हंजे माझं पोर हरलं. पत्र्यातनं धाडदिशी ऐकू आलं की मी घरात देवाला हात जोडायची."

"अव्वा, मग तुमचे हात दिवसभर जोडलेलेच राहिले असतील. किती टाकायचो आम्ही!"

गौराक्का हसली. हसता हसता पदराने डोळे टिपले. मग म्हणाली, "आता सांग. मी मधी बोलत न्हाई. का नगं?"

सुवर्णाने तिला हाताला धरून भिंतीशी नेलं. भिंतीवर खाली, घोट्याच्या आणि पोटरीच्या उंचीवर, काळे काळे रबराचे डाग होते.

"हे बघा. जिम अजून सुरू नाही, मी एकटीच करतेय, तरी हे डाग. वजन लोळत इथंच येतं. म्हणून आरसा जमिनीपासून लावायचा नाही, गुडघ्याच्या वर सुरू करायचा. एकच मोठी काच घ्यायची नाही, जोडून तुकडे घ्यायचे, जाड. कडा घासलेल्या. वजनं ठेवायचा घोडा त्याच्यापासून लांब. एवढं सगळं केलं तरी एक दिवस कोणाच्या तरी हातातलं डंबेल उडणार, आणि आरसा फुटणारच. कुठलाही आरसा फुटतो, अव्वा. म्हणून जिमचा आरसा घेताना तो कसा दिसतो ते नंतर बघायचं. फुटल्यावर तो काय करतो, ते आधी बघायचं."

"फुटल्यावर आरसा काय करनार?"

"नुसती काच असली तर सुऱ्या होतात. हातभर लांब. खाली पोरं असतात, चवड्यांवर बसलेली, मान खाली घातलेली." तिने कोपऱ्यातला तो नमुन्याचा आरसा फिरवून त्याची पाठ दाखवली. "ह्याच्या मागं ही बघा, पातळ फिल्म. ह्या काठापासून त्या काठापर्यंत चिकटवलेली. काच फुटली तरी ही तुकडे धरून ठेवते."

मी म्हटलं, "मग ती कडक काच लावली तर? गाडीच्या मागच्या खिडकीला असते तसली?"

"ती भट्टीत भाजून कडक केलेली काच, आत्ती. तिचा चुरा होतो, खडीसाखरेसारखा. मोठी जखम होत नाही, पण चुरा अंगावर सांडतो. आणि भट्टीतून येताना काच कुठंतरी लहरते. त्यात सरळ पाठ वाकडी दिसली, तर पोरगी आपली सरळ असलेली पाठ वाकडी करून घेईल."

गौराक्का ऐकत होती. मग तिने हळूच विचारलं, "आनि माझा?"

सुवर्णा त्या फिल्मवरून बोट फिरवत राहिली.

"बोल की. मी इचारायलाच आलेय."

"तुमच्याच्या मागं काही नाही, अव्वा. मी मुस्ताकभाईंकडं जाऊन आले, दोनदा. म्हटलं, ह्याच्या मागं फिल्म लावून द्या, म्हणतील ते देते. ते म्हणाले, लावीन, पण तडा गेला तर वरची एवढी मोठी काच फिल्मला पेलायची नाही." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "अक्षरं खोल आहेत. त्या ओळीत काच निम्मीच उरलीय."

गौराक्काने ते उघडच बोलून दाखवलं.

"म्हंजे नावावरनंच फुटंल."

सुवर्णाने मान डोलावली. पोरीने तेवढं एक वाक्य गिळण्यासाठी सगळ्या गावाची बोलणी खाल्ली होती. आईला कसं सांगायचं, की तुझ्या मुलाचं नावच धोक्याचं आहे?

"दाव," गौराक्का म्हणाली.

"काय?"

"फोडून दाव. दोनी."

मी मध्ये पडले. "गौराक्का, आरसा फोडायचा नसतो गं. अपशकुन असतो. आणि नाव असलेला—"

"मालन, अपशकुन माझ्या घरात जेवून गेलाय," ती म्हणाली. "आता कशाला भ्यायचं?"

"मी नाही फोडणार," सुवर्णा म्हणाली.

"तू नगंस. मी."

मागच्या आवारात, कुंपणाच्या भिंतीशी वाळूची पोती रचलेली होती. सुवर्णाने दोन्ही आरसे त्यांना टेकवून उभे केले, थोड्या अंतराने. बाकड्यावरून जमिनीपर्यंत उतरती फळी टेकवली. वरून वजनाची गोल लोखंडी थाळी सोडली की ती घरंगळत जाऊन आरशाच्या पायथ्याशी आपटेल, जिममध्ये आपटते तशीच. आम्हाला तिने लांब, फळीच्या मागे उभं केलं आणि चपला काढून बूट घालायला लावले. गौराक्काने आयुष्यात पहिल्यांदा बूट घातले. सुवर्णाचे, लाल रंगाचे, दोन बोटं मोठे.

"नऊवारीवर शोभतंय का?" तिने मला विचारलं. खरंच विचारलं. मला हसू येत होतं; मी वाकून तिच्या बुटांच्या नाड्या आवळून दिल्या.

पहिली थाळी नमुन्याच्या आरशाकडे. गौराक्काने हात सोडला, थाळी फळीवरून गडगडत गेली आणि टक्क आवाज झाला. आरसाभर भेगा उमटल्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. आम्ही वाट बघत राहिलो. काहीच पडलं नाही. एक कपचीसुद्धा नाही. आरसा उभाच्या उभा. सुवर्णाने हातमोजा दिला, तो घालून गौराक्काने त्यावर तळहात दाबला. आरसा तसाच.

"धरून ठेवलंय," ती स्वतःशी म्हणाली.

मग थाळी परत आणली आणि फळी दुसऱ्या आरशाकडे वळवली. गौराक्का वर थाळीला हात लावून उभी राहिली. त्या आरशात लांबून ती सबंध दिसत होती, लाल बूट, हिरवं लुगडं, कपाळाची विभूती. आणि तिच्या पायांशी ते नाव. ती किती वेळ उभी होती, मला सांगता येणार नाही. सुवर्णा पुढे जाऊन तिचा हात धरणार होती, मी तिला थांबवलं.

गौराक्का आरशाकडे बघत म्हणाली, "बाळेश, बाजूला सर."

आणि हात सोडला.

थाळी नेमकी खालच्या पट्टीवर बसली. आधी काहीच झालं नाही असं वाटलं. मग तडा गेला, आणि तो शेतात नांगराची रेघ जावी तसा त्या अक्षरांमधून सरळ धावला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. वरची सबंध काच, वेल, समया, आमच्या तिघींची तोंडं, सगळं त्या ओळीवरून निखळून एकदम खाली आलं. आवाज विरला तेव्हा एक हातभर लांबीचा तुकडा जमिनीत उभा रुतलेला होता. पोटरीच्या उंचीएवढा.

सुवर्णा रडायला लागली. ओक्साबोक्शी. गौराक्का मात्र त्या मोठ्या बुटांतून सपक सपक चालत पुढे गेली, त्या उभ्या तुकड्याकडे वाकून बघितलं, हात लावला नाही. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"मालन, पोरीला पानी दे," ती म्हणाली. मग त्या तुकड्याकडे बघतच, "मी हे पोरींच्या समोर लावनार हुते."

सुवर्णा म्हणाली, "अव्वा, मी भिंतीवर पितळी पाटी करून घेते. मोठी. बाळेशदादाचं नाव—"

"नगं. तू त्या मुस्ताकला निरोप दे. साधा आरसा, मागनं धरलेला. जमंल तेवढा पैसा माझ्याकडनं, बाकीचा तू घाल. आनि नाव नगं."

"कुठंतरी तरी असू दे."

गौराक्का त्या भेगाळलेल्या, न पडलेल्या आरशाकडे वळली. "ह्याला कुनी धरलं गं? मागच्यानं. त्यो दिसतोय का कुनाला? न्हाई. मग माज्या पोराला तितंच ऱ्हाऊ दे. मागं."

श्रोतेहो, मी उभ्या जन्मात पुष्कळ कीर्तनं ऐकली. त्यागावरची ऐकली, मायेवरची ऐकली, डोळे पुसत घरी गेले. पण त्या आवारात, दोन बोटं मोठ्या लाल बुटांत उभ्या असलेल्या त्या बाईपुढे मला हात जोडावेसे वाटले, आणि मी जोडले. तिने बघितलं नाही, ती बूट काढत होती.

दत्तजयंतीला उद्घाटन झालं. रबराच्या जमिनीवर सतरंज्या अंथरल्या, वजनं कोपऱ्यात सरकवली, आणि समोरची भिंत नव्या आरशांनी भरलेली, गुडघ्याच्या वरपासून. बुवा आले, फेटा सारखा करत आरशात बघितलं आणि म्हणाले, "अरेच्चा! इतकी वर्षं तुम्ही हे सोसत होता होय?" सगळा हॉल हसला. मग त्यांनी आरशावर कडेकडेने नजर फिरवली, सवयीने, दात्याचं नाव वाचायला. नाव सापडेना. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी डावीकडे बघितलं. तिथे गौराक्का मांडी घालून बसली होती आणि हाताने ठेका सुरूही झाला होता. बुवांनी काही विचारलं नाही. झांजा वाजल्या, आणि त्या दिवशी रंग असा भरला की चहा प्यायला कोणी उठेना.

पुढे एकदा खरंच तसं घडलं. एका कॉलेजातल्या पोरीच्या हातून डंबेल सुटलं आणि मधल्या आरशावर बसलं. त्याच्याखाली तिची मैत्रीण चवड्यांवर बसली होती. आरसाभर जाळं झालं आणि तसंच उभं राहिलं. ती मैत्रीण उठली, केस झाडले, आणि म्हणाली, "बाई, घाबरवलंस की मला!" तिला काय ठाऊक कोणी वाचवलं? सुवर्णा तडक गौराक्काकडे धावत गेली सांगायला. गौराक्काने ऐकलं, "लागलं न्हाई न्हवं?" एवढंच विचारलं आणि तिच्यापुढे शेंगदाणे-गूळ ठेवला.

आता गौराक्का नाही. तिच्या नावाचा पंखा नाही, पायरी नाही, घड्याळ नाही. तिने कोणाला लावू दिलं नाही. म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे, आणि मग उठा. तुमच्या गावात जिम असेल, तुमच्या लेकी-सुना, नातवंडं तिथे जात असतील, तर एकदा जाऊन तिथल्या माणसाला विचारा, आरशाच्या मागे काय आहे? तो म्हणेल, आजी, आरशाच्या मागे काय असणार, भिंत. तरी विचारा. आणि विचारताना आमच्या गौराक्का हत्तरकीची आठवण ठेवा.